कॅमेरा बदलून ओठ जुळत नाहीत

बीड जिल्ह्यातल्या एका वाचकाच्या पत्राचा सारांश: वय २६. लग्नाच्या शूटिंगमुळे कॅमेरा हातात आला, बाकीचं यूट्यूबवर बघून शिकले. वर्षाला सात-आठ अल्बम साँग (स्वतंत्र गाण्यांचे व्हिडिओ) करतात. दिग्दर्शन, कॅमेरा, एडिटिंग सगळं एकट्याच्या अंगावर. एका गाण्याचे साधारण १५ हजार मिळतात. जवळ एक जुना मिररलेस कॅमेरा, ५० एमएमची लेन्स आणि फोन. गाण्यांखाली ‘लो बजेट वाटतंय’ असे शेरे पडतात. दुसऱ्या अंतऱ्यापर्यंत ओठ गाण्याच्या शब्दांपासून सुटलेले असतात आणि उन्हातले चेहरे एकतर पांढरेफटक नाहीतर काळेठिक्कर येतात. साडेतीन लाखांचा फुल फ्रेम कॅमेरा घेऊन द्यायला वडील कर्ज काढायच्या तयारीत आहेत. पुण्यातला मावसभाऊ म्हणतो, ‘गावात बसून कुणी डायरेक्टर होत नसतं, मुंबई गाठ.’ त्यांचा प्रश्न: आधी कॅमेरा की आधी मुंबई? आणि शेवटची ओळ: ‘कुठं शिकलात असं कुणी विचारलं की मान खाली जाते.’

उत्तर:

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि दोन उपाय. गंमत अशी, की दोन्हींपैकी एकही उपाय त्या तक्रारींना लागू पडत नाही. साडेतीन लाखांच्या कॅमेऱ्यातही ओठ तितकेच सुटतील. अंधेरीतून परत आलात तरी तुमच्या बालाघाटाच्या डोंगरातलं दुपारचं ऊन तसंच डोक्यावर असेल. तेव्हा आधी तक्रारी बघू, मग कर्ज आणि मुंबई.

ओठ सुटण्यापासून सुरुवात करतो, कारण ‘लो बजेट’ हा शेरा बहुतेक वेळा तिथून येतो. बघणाऱ्याला काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण खोटं वाटतं. गाण्याच्या सुरुवातीला जुळलेले ओठ दुसऱ्या अंतऱ्यात सुटत असतील, तर चूक वेगाची आहे. कारणं साधारण तीन असतात.

पहिलं कारण फोन. फोनचा नेहमीचा कॅमेरा ठरलेल्या फ्रेमरेटला (सेकंदाला किती चित्रं घ्यायची त्या आकड्याला) चिकटून राहत नाही. उजेड कमी-जास्त झाला, फोन तापला की सेकंदाला ३० च्या जागी २८-२९ फ्रेम घेतो. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला ते पचत नाही आणि चित्र हळूहळू सरकत जातं. फ्रेमरेट बांधून ठेवणारं ॲप वापरा. ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ फुकट मिळतं. आधीच शूट झालेलं असेल तर ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट (न बदलणाऱ्या) फ्रेमरेटवर काढून घ्या आणि मगच एडिटिंगच्या टाइमलाइनवर टाका.

दुसरं कारण प्लेबॅक, म्हणजे शूटिंगच्या वेळी वाजवलं जाणारं गाणं. गावात गाणं बऱ्याचदा डीजेच्या मशीनवर वाजवतात. त्यावरची पिचची पट्टी एका टक्क्यानं सरकलेली असली, तरी चार मिनिटांच्या गाण्यात २.४ सेकंदांचा फरक पडतो. कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण एका टक्क्यानं गाणं कानाला वेगळं लागत नाही.

तिसरं कारण सगळ्यात चिडीला आणणारं: शूटिंग डमी ट्रॅकवर (कच्च्या रेकॉर्डिंगवर) होतं आणि नंतर गायक ‘फायनल मास्टर’ (पक्कं गाणं) पाठवतो, ज्यात टेम्पो थोडा बदललेला असतो किंवा म्युझिकचा तुकडा वाढलेला असतो. फायनल मास्टर हातात आल्याशिवाय तारीख देऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेली एमपीथ्री नको, स्टुडिओतून डब्ल्यूएव्ही (न दाबलेली मूळ फाइल) मागा आणि तीच फाइल प्लेबॅकला, तीच एडिटला. एमपीथ्री करताना सुरुवातीला बारीकशी रिकामी जागा घुसते, तिथूनच गोंधळ सुरू होतो.

प्लेबॅकची फाइल आदल्या रात्री घरी बनवायची. गाण्याच्या आधी सेकंदाला एक अशा चार टिंब-टिंब बीप. मग मुखडा, पहिला अंतरा, म्युझिक, दुसरा अंतरा असे वेगवेगळे तुकडे, प्रत्येकाच्या आधी आठ मात्रांची मोकळी लय आणि तुमच्याच आवाजात ‘अंतरा दोन’ अशी घोषणा. ही घोषणा कॅमेऱ्याच्या माइकमध्ये रेकॉर्ड झाली, की एडिटला बसल्यावर कुठला टेक कुठला हे शोधत रात्र जात नाही. स्पीकर कलाकाराजवळ ठेवा आणि मोठ्यानं लावा. नुसते ओठ हलवू देऊ नका, मोकळ्या गळ्यानं गायला लावा. गळ्याची शीर आणि छातीतला श्वास खोटा काढता येत नाही.

लांबून घेतलेल्या शॉटची एक खोड आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. कॅमेरा ३४ मीटर लांब असेल तर त्याच्या माइकमध्ये गाणं ०.१ सेकंद उशिरा पोचतं, म्हणजे २५ च्या फ्रेमरेटला अडीच फ्रेम. असा शॉट आवाजाची लहर बघून जुळवला तर तेवढाच चुकतो. त्याला दोन-तीन फ्रेमचा धक्का हातानं द्यायचा. ड्रोनला तर आवाजच नसतो. तिथं बीपबरोबर कलाकाराला डोक्यावर हात नेऊन टाळी वाजवायला लावा, ती फ्रेम धरून जुळवा.

आता स्लो मोशन. तुम्ही लिहिलंय की स्लोमध्ये ओठ जुळतच नाहीत, म्हणून ते सोडून दिलं. सोडू नका, त्याचा हिशोब सरळ आहे. एडिट २५ फ्रेमवर असेल आणि शूट ५० वर, तर गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं. कलाकार दुप्पट वेगानं गातो, चित्र निम्म्यावर आणलं की ओठ मूळ गाण्यावर बसतात आणि पदर, केस, धूळ मात्र तरंगत राहते. दुप्पट वेगात मराठी शब्द तोंडात बसायला कठीण, त्यामुळे हे संथ गाण्यालाच. चालू ठेक्याच्या गाण्याला दुसरा जोड वापरा: शूट ३० वर, प्लेबॅक १२० टक्के वेगानं. सगळ्यांना जमतं, आणि चालण्याला एक भारदस्तपणा येतो जो लोकांना ‘महागडा’ वाटतो. प्लेबॅकचा वेग वाढवताना सूर तोच ठेवा, नाहीतर गायक त्या चिरक्या आवाजाला हसत बसतो. एडिटमध्ये क्लिपचा फ्रेमरेट २५ वर आणा आणि टाळीच्या फ्रेमवर जुळवा.

एडिटिंगला ‘दा विंची रिझॉल्व्ह’ वापरत असाल (फुकटातली आवृत्ती या कामाला पुरते), तर पहिली क्लिप आत टाकण्याआधी प्रोजेक्ट २५ वर बांधा. नंतर तो बदलू देत नाही. २५ च का? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. मंगल कार्यालयात, दुकानात, देवळाच्या सभामंडपात ट्यूब आणि स्वस्त एलईडी असतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवलं तर उजेड लपलपत नाही. १/६० केलंत की पट्टे सरकायला लागतात. ३० वर शूट करतानाही आत असाल तर शटर १/५० च.

ऊन. ‘चेहरे पांढरे किंवा काळे’ याचं खापर तुम्ही कॅमेऱ्यावर फोडलंत. भर उन्हात आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) १००, शटर १/१०० असताना बरोबर एक्सपोजर एफ १६ च्या (लेन्सच्या बारीक छिद्राच्या) आसपास येतं. तुम्हाला मागचं धूसर करायचं म्हणून एफ २.८ (मोठं छिद्र) आणि शटर १/५०. हा सहा स्टॉप जास्तीचा उजेड आहे (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). तो कुठंतरी जायला हवा, म्हणून तुम्ही शटर १/२००० करता आणि नाच तुकड्या-तुकड्यांत झटके मारत दिसतो. उत्तर आहे एनडी ६४ फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची काळसर काच; तो बरोबर सहा स्टॉप कापतो. लॉगमध्ये (रंग नंतर भरायचे म्हणून फिकट रेकॉर्ड होतं त्या मोडमध्ये) शूट करत असाल आणि कॅमेरा आयएसओ ८०० च्या खाली येत नसेल तर आणखी तीन स्टॉप लागतील. फिरवायचा व्हेरिएबल एनडी सोयीचा, पण स्वस्तातला घेतला तर वाइड लेन्सवर आकाशात काळी फुली उमटते. एक स्थिर एनडी ६४ चांगल्यापैकी घ्या, स्वस्त व्हेरिएबलपेक्षा तो बरा.

दुसरी गोष्ट सूर्याची उंची. मराठवाड्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटाला दुपारचा सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. त्यात आपली काळी माती! नांगरलेलं काळं रान खालून काहीच उजेड परत देत नाही. तोच कलाकार मुरमाड माळावर उभा केला तर हनुवटीखाली आपोआप भरतं. काळ्या रानातच शॉट हवा असेल तर कलाकाराच्या पायापुढं, फ्रेमच्या बाहेर, दोन पांढऱ्या चादरी अंथरा. फरक पहिल्याच टेकला दिसेल. चंदेरी रिफ्लेक्टर उन्हात डोळ्यांवर मारू नका, गायक डोळे बारीक करून गातो आणि ते एडिटमध्ये कुठल्याही ग्रेडिंगनं (रंगसुधारणेनं) उघडत नाहीत.

दुपारी थांबताच येत नसेल तर बांबूची सहा बाय सहा फुटांची चौकट, त्यावर पांढरी मलमल ताणून, दोन माणसांनी डोक्यावर धरायची, फ्रेममध्ये येणार नाही इतपत जवळ. चेहरा मऊ होतो, पण तेवढाच काळोखतोही, म्हणून मागे उन्हातली भिंत ठेवू नका; कडुलिंबाची सावली, गडद दरवाजा असं काही ठेवा. वारा सुटला की चौकट पतंग होते, चार कोपऱ्यांना सुतळी बांधूनच आणा.

सावळा चेहरा आणि शुभ्र नेहरू शर्ट ही जोडी तर आपल्या गाण्यांत कायमचीच. चेहऱ्याला उजेड दिला की शर्ट जळतो, शर्ट सांभाळला की चेहरा बुडतो. कापड कोऱ्या चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा. पडद्यावर पांढरंच दिसतं, पण अर्धा-एक स्टॉप खाली येतं. कॅमेऱ्यात झेब्रा (उजेड जास्त झालेल्या जागी पट्टे दाखवणारी सोय) १०० वर लावा. पट्टे टोपीच्या कडेला दिसले तर चालतील, कपाळावर नकोत.

उन्हाळ्यात फोन तापून बंद पडतो म्हणता. आयफोनच्या सूचनेतच वापरण्याचं तापमान ३५ अंशांपर्यंत दिलंय, आपल्याकडं एप्रिलमध्ये सावलीत त्याहून जास्त असतं. कव्हर काढा, दोन टेकच्या मध्ये कॅमेऱ्यावर छत्री धरा, चार्जिंग लावून शूट करू नका. थंड पाण्याच्या जारावर ठेवायचा उद्योग तर मुळीच नको, लेन्सच्या आत दव धरतं.

या दोन्ही तक्रारींत कुठेही साडेतीन लाखांचा कॅमेरा आला नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

पण त्या शेऱ्यांमागं तिसरी गोष्ट असू शकते, जी तुम्ही पत्रात लिहिलेली नाही: कल्पना. तुम्ही सेटअप, लेन्स, गिंबल याबद्दल दोन पानं लिहिलीत, एकाही गाण्यात काय घडतं हे लिहिलं नाहीत. कॅमेरामन आणि एडिटर म्हणून तुम्ही काय करता ते कळलं, दिग्दर्शक म्हणून काय ठरवता ते कळलं नाही. मिशेल गोंद्री हा फ्रेंच दिग्दर्शक स्वतःच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा आणि त्याच बँडचे व्हिडिओ करायचा. ते बघून ब्यॉर्क या गायिकेनं त्याला बोलावलं आणि १९९३ मध्ये त्यांचं पहिलं गाणं आलं. अमेरिकेतला स्पाइक जोन्झ सायकलच्या कसरती आणि स्केटबोर्डची छायाचित्रं काढता काढता या कामात आला. एकाला ठेका कळत होता, दुसऱ्याला धावत्या माणसामागं कॅमेरा कसा न्यायचा हे कळत होतं. तुम्हाला काय कळतं? तीन वर्षं लग्नं शूट केलीत. वरातीतल्या गर्दीत, रीटेक नसताना, नवरीच्या आईचा चेहरा कधी हलेल हे तुम्हाला आधी कळतं. मुंबईतल्या कित्येकांकडं हे नसतं. ‘कुठं शिकलात’ला हे उत्तर आहे, आणि ते मान वर करून द्यायचं.

कल्पना म्हणजे मोठी गोष्ट नको. एक नियम पुरतो. संपूर्ण गाणं एका उसाच्या ट्रॅक्टरवर. किंवा गायक कधीच थांबत नाही. किंवा दर वेळी हलगी वाजली की माणसं गोठतात. नियम कागदावर एका वाक्यात मावत नसेल तर तो सेटवर कुणालाच कळणार नाही.

मग गाणं कागदावर मांडा. टेम्पो १०० (मिनिटाला १०० ठोके) असेल तर एक ठोका ०.६ सेकंद, म्हणजे बरोबर १५ फ्रेम. आठ ठोक्यांचं आवर्तन १२० फ्रेमचं. कट समेवर टाकायचा तर एक-दोन फ्रेम आधी टाका, डोळ्याला तो बरोबर समेवर वाटतो. पण प्रत्येक ठोक्यावर कापत सुटलात तर दुसऱ्या मिनिटाला बघणारा थकतो. मुखड्याला जास्त वेळ टिकणारे शॉट, म्युझिकच्या तुकड्यात झटपट कट, हे साधं गणितही बरंच तारून नेतं.

दिवसाचा हिशोबही आधीच करा. चार मिनिटांचा पूर्ण टेक, पुन्हा जागेवर येणं, घाम पुसणं धरून १५ मिनिटं जातात. सकाळी साडेसहा ते साडेनऊ म्हणजे १२ टेक, संध्याकाळी चार ते साडेसहा म्हणजे दहा. एका सेटअपला तीन टेक धरले तर दिवसात सात सेटअप होतात. दुपारी वाड्यातले, देवळातले, आतले शॉट. दहा लोकेशनची यादी घेऊन निघणारा तीनही चांगली करून येत नाही. क्लोजअप सकाळी पहिल्यांदा उरका. संध्याकाळी गायकाचा चेहरा आणि आवाज दोन्ही उतरलेले असतात.

आता वडिलांच्या कर्जाकडं. साडेतीन लाख, १४ टक्के व्याज, तीन वर्षं असं धरलं तर हप्ता महिन्याला सुमारे १२ हजार येतो, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. तुमची आठ गाणी गुणिले १५ हजार म्हणजे १ लाख २० हजार, तेही खर्च वजा न करता. गाण्यांतून येणारं सगळं दिलं तरी हप्ता फिटत नाही. उरलेलं लग्नांच्या कमाईतून जाईल. तोच कॅमेरा संभाजीनगर किंवा पुण्याहून भाड्यानं आणा. दिवसाला २,५०० आणि दर गाण्याला दोन दिवस धरले तरी वर्षाचे ४० हजार. ते गाण्याच्या बजेटमध्ये वेगळी ओळ म्हणून लावा. गायकाला परवडत नसेल तर त्याचं गाणं तुमच्या जुन्या कॅमेऱ्यावर होईल, तेही वरच्या पद्धतीनं चांगलंच होईल.

स्वतःचे पैसे घालायचेच असतील तर एनडी, दमदार बॅटरी स्पीकर, मलमलीची चौकट, एक शंभरेक वॅटचा एलईडी आणि दोन डिस्क. ४० हजारांच्या आत बसावं. डिस्क दोन का, तर १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलं की तासाला ४५ जीबी होतात, आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. जनरेटर लावायला लागला तर घाबरू नका, फक्त स्पीकरपासून लांब ठेवा. गाण्याच्या शूटिंगचं तेवढं एक सुख आहे, तिथं रेकॉर्ड झालेला आवाज शेवटी वापरायचा नसतो.

१५ हजारांचा आकडा वाढवण्याआधी तो वसूल कसा होतो ते बघा. निम्मे तारीख ठरताना, उरलेल्यातला मोठा भाग शूटिंगच्या सकाळी कॅमेरा उघडण्याआधी, बाकीचे स्वच्छ फाइल देताना. तोवर नाव छापलेली कॉपीच दाखवायची. दोन दुरुस्त्या फुकट, तिसरीला पैसे. हे एका पानावर लिहून सही घ्या, मित्र असला तरी. आणखी एक कारण आहे: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, कुणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन व्हिडिओ केला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा असतो. म्हणून ‘दिग्दर्शक म्हणून नाव, आणि माझ्या कामाचा नमुना म्हणून हा व्हिडिओ दाखवायची परवानगी’ ही ओळ त्या पानावर हवीच.

दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा, वेरूळ ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची ठिकाणं. तिथं परवानगीशिवाय धंद्याचं शूटिंग नको, ड्रोन तर नकोच. ड्रोन २५० ग्रॅमपर्यंतचा असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे पायलटचा परवाना लागत नाही, पण उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर त्या जागेचा रंग (तिथं उडवता येतं का ते सांगणारा) बघायचाच.

मुंबईला जाऊ नका असं मी म्हणत नाही. बॅग भरून, भाड्याची खोली घेऊन ‘डायरेक्टर व्हायला’ जाऊ नका. आषाढ ते कार्तिक लग्नं नसतात. त्या मोकळ्या काळात पुण्या-मुंबईच्या एखाद्या सेटवर लाइटच्या टीममध्ये वायरी ओढायला दहा-पंधरा दिवस जा. कॅमेऱ्याच्या मागं उभं राहण्यापेक्षा लाइटवाल्यांच्या बाजूनं जास्त शिकायला मिळतं. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचे छोटे अभ्यासक्रम असतात, त्यातला प्रकाशयोजनेचा किंवा एडिटिंगचा बघा. संभाजीनगरला विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. तिथली पोरं-पोरी तुमच्या गाण्यात काम करायला मिळाली तर ‘हिरो-हिरॉइन’ म्हणून शेजारचाच मुलगा उभा करायची वेळ येणार नाही. अजिंठा-वेरूळ चित्रपट महोत्सवही तिथंच भरतो. मावसभावाला तेवढं सांगा.

पुढचं गाणं याच कॅमेऱ्यावर करा. एक लोकेशन, एक नियम, फायनल मास्टर, १२० टक्क्यांचा प्लेबॅक. मग त्यातून आणि जुन्या कामातून ९० सेकंदांचं शोरील (निवडक कामाची झलक) कापा. ड्रोननं सुरुवात करू नका. पहिल्या दहा सेकंदांत गाणाऱ्या माणसाचा जवळचा चेहरा असू द्या, ओठ नीट बसलेले. जुन्या गाण्यांतले ओठ सुटलेले शॉट कितीही सुंदर असले तरी शोरीलमध्ये घेऊ नका. ते घेऊन आधी संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या रेकॉर्डिंग स्टुडिओंत जा, कारण गायक पहिल्यांदा तिथंच येतो आणि ‘व्हिडिओ कुणाकडून करू’ हे तिथल्याच माणसाला विचारतो.